शिडाच्या जहाजांचा मेळा

(जुन्या काळची शिडाची जहाजे आज कोठे पाहायला मिळतात, ती कशी पाहावीत आणि त्यांतील एका जहाजाचे आपल्या मुंबईशी काय नाते आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

जत्रा किंवा उरूस तुम्ही पाहिला असेल. गावोगावचे लोक जमतात, दुकाने लागतात, पाळणे फिरतात. युरोपातील काही बंदरांत उन्हाळ्यात एक वेगळाच मेळा भरतो. या मेळ्याला माणसांबरोबर जहाजेही पाहुणी म्हणून येतात. तीही साधीसुधी नव्हेत. उंच डोलकाठ्यांची, भल्यामोठ्या शिडांची, वाऱ्याच्या बळावर चालणारी जहाजे! अशी जहाजे धक्क्याला एकामागून एक लागली, की बंदरात डोलकाठ्यांचे रान उगवल्यासारखे दिसते.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या काठी हार्टलपूल नावाचे बंदर आहे. या गावात असा मेळा २०१० साली ऑगस्ट महिन्यात भरला होता. त्यानंतर २०२३ साली ६ ते ९ जुलै असे चार दिवस तो पुन्हा भरला. देशोदेशींची जहाजे आली. लोकांनी रांगा लावून ती आतून पाहिली. पण त्या गावातले सर्वांत जुने जहाज कोठून पाहुणे आले नव्हते. ते तेथेच कायमचे उभे असते. त्याचे नाव ट्रिंकोमाली. हे जहाज इंग्लंडमध्ये बांधलेले नाही. ते आपल्या मुंबईत बांधलेले आहे!

ट्रिंकोमालीची गोष्ट पुढे येईलच. त्याआधी हा मेळा कसा सुरू झाला, ते पाहू.

पूर्वी सारी जहाजे शिडांवर चालत. नंतर वाफेचे यंत्र आले, मग तेलावर चालणारी इंजिने आली. वारा नसला तरी जहाज पुढे जाऊ लागले. शिडाची जहाजे मागे पडली. काही मोडीत निघाली, काही कुजून गेली. १९५६ साली काही हौशी लोकांनी ठरवले, की उरलेल्या जहाजांची एक शर्यत घ्यावी. इंग्लंडमधील टॉर्बे येथून पोर्तुगालमधील लिस्बनपर्यंत ही शर्यत झाली. तिच्यात वीस जहाजे होती. शिडाच्या युगाला केलेला हा अखेरचा सलाम आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. घडले मात्र उलटेच. लोकांना ती शर्यत इतकी आवडली, की ती पुन्हा पुन्हा होऊ लागली. आज दर उन्हाळ्यात ही जहाजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. २०२३ साली ती नेदरलँड्समधील डेन हेल्डर येथून हार्टलपूलला आली आणि तेथून नॉर्वेकडे गेली. प्रत्येक बंदरात चार दिवस मुक्काम असतो. तोच हा मेळा.

या शर्यतीचा एक नियम तुम्हांला विशेष आवडेल. प्रत्येक जहाजावरील निम्मी माणसे तरी पंधरा ते पंचवीस वर्षे वयाची असावी लागतात. त्यांना आधीपासून जहाज चालवता यायला हवे, अशी अट नाही. ती शिकण्यासाठीच येतात. रात्री पहारा करणे, दोर ओढणे, सुकाणू धरणे, भांडी घासणे आणि तक्तपोशी धुणे ही सर्व कामे त्यांना करावी लागतात. जो आधी पोहोचला तोच जिंकला, असेही या शर्यतीत नसते. लहान आणि मोठ्या जहाजांना न्याय मिळावा, म्हणून प्रत्येकाच्या वेळेचा वेगळा हिशेब करतात. याशिवाय एक मोठे बक्षीस वेगाशी संबंधितच नाही. निरनिराळ्या देशांच्या लोकांत ज्या जहाजाने सर्वांत जास्त स्नेह वाढवला, त्याला ते मिळते. त्याची निवड जहाजांचे कप्तानच करतात.

आपल्या देशाचे एक जहाजही अशा शर्यतींना गेले आहे. भारतीय नौदलाचे ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज गोव्याच्या कारखान्यात बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. २००३-०४ साली त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१८ साली युरोपातील या शर्यतीत तरंगिणीने भाग घेतला. नौदलाचे तरुण अधिकारी अशा जहाजावर समुद्राचे पहिले धडे घेतात.

आता अशा मेळ्यात जहाज कसे पाहावे, ते समजून घेऊ.

प्रथम काही शब्द पाहू. हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. ‘जहाज’ हा शब्द अरबी भाषेतून आला. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ हे शब्द फारसीतून आले. ‘खलाशी’ म्हणजे तुमचा ‘ख़लासी’. उर्दूतला ‘नाख़ुदा’ कोकणच्या किनाऱ्यावर ‘नाखवा’ झाला. अरबस्तान, इराण, कोकण आणि मलबार यांच्यामध्ये शेकडो वर्षे शिडाच्या जहाजांची ये-जा होती. मालाबरोबर शब्दही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर उतरले.

धक्क्यावर उभे राहून जहाजाकडे पाहिले, की आधी डोलकाठ्या मोजाव्यात. मग शिडे पाहावीत. शिडांचे मुख्य प्रकार दोन. कोकणातील गलबताचे शीड तिरक्या काठीला बांधलेले असते. ते जहाजाच्या लांबीच्या दिशेने पसरते. वारा बाजूने येत असला तरी असे शीड चालते. मोठ्या युरोपीय जहाजांवर मात्र डोलकाठीला आडवे वासे लावलेले असतात आणि त्यांना चौकोनी शिडे टांगलेली असतात. मागून वारा आला, की ही शिडे फुगतात आणि जहाजाला मोठा वेग येतो. बहुतेक मोठ्या जहाजांवर दोन्ही प्रकारची शिडे असतात. त्यामुळे कोणत्याही वाऱ्याचा उपयोग करून घेता येतो. अगदी समोरून वारा आला, तर नागमोडी वाटेने, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत पुढे जावे लागते.

त्यानंतर दोर पाहावेत. पाहणाऱ्याला तो दोरांचा गुंताच वाटतो. पण त्यात पक्की व्यवस्था असते. काही दोर डोलकाठीला ताठ उभे ठेवण्यासाठी असतात. ते कधी सोडत नाहीत. उन्हापावसात टिकावेत म्हणून त्यांना डांबर लावत. दुसरे दोर शिडे चढवण्या-उतरवण्यासाठी आणि वळवण्यासाठी असतात. प्रत्येक दोराला नाव असते आणि त्याची ठरलेली खुंटी असते. मध्यरात्री वादळ आले, तर दिवा न लावता नेमका तोच दोर हातात आला पाहिजे. म्हणून नवशिक्या खलाशाला सर्वांत आधी दोर पाठ करावे लागतात. पाहुण्यांनी खुंटीवरचा दोर सहज गंमत म्हणून सोडू नये, याचे कारण आता तुमच्या ध्यानात येईल.

आता ट्रिंकोमालीकडे वळू.

अठराव्या शतकात मुंबईत जहाजबांधणीचा मोठा उद्योग उभा राहिला. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना जहाजे बांधण्यासाठी बोलावले होते. १७५० साली मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे दार असलेला मोठा हौद. जहाज आत घ्यायचे, दार बंद करायचे आणि पाणी काढून टाकायचे. मग जहाजाच्या तळाचे कामही कोरड्यात उभे राहून करता येते. लवजींच्या घराण्यात हा हुन्नर पिढ्यान् पिढ्या चालला.

त्या काळी इंग्लंड फ्रान्सशी मोठे युद्ध लढत होते. जहाजे बांधून बांधून तेथील ओक लाकडाचा तुटवडा पडला होता. मलबारच्या जंगलात मात्र उत्तम सागवान मिळत असे. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानात ते बरेच सुरक्षित राहतात. म्हणून इंग्लंडच्या नौदलाने मुंबईत जहाजे बांधून घेण्याचे ठरवले. ट्रिंकोमालीची मागणी १८१२ साली नोंदवली गेली. श्रीलंकेतील एका प्रसिद्ध बंदरावरून हे नाव दिले होते.

जहाज बांधायचे तर नकाशे हवेत. हे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन जहाजाने जावाचा पराभव केला. जावा नष्ट झाले आणि नकाशेही गेले. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. नवलाची गोष्ट अशी, की ते कॉन्स्टिट्यूशन जहाजही आजपर्यंत टिकले आहे. अमेरिकेतील बोस्टन बंदरात ते पाहता येते.

अखेर १८१६ साली जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत काम सुरू झाले. जहाजाच्या तळाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब, जाड तुळई असते. माणसाच्या शरीरात जसा पाठीचा कणा, तशी जहाजात ही तुळई. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. मग दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे वाकडे लाकूड उभे केले, त्यावर फळ्या बसवल्या. फळ्यांच्या फटींत दोराचे तंतू ठोकून वर डांबर ओतले, म्हणजे पाणी आत येत नाही. समुद्रातील किडे लाकूड पोखरतात. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी तळाला तांब्याचे पत्रे मारले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. तोफांच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी जवळजवळ ४० फूट होती. ते ३८ तोफांसाठी बांधले होते.

जमशेटजींचे नाव इतिहासात राहिले. पण लाकूड कापणारे, तासणारे, वाकवणारे, भोके पाडणारे, दोर वळणारे असे कितीतरी कारागीर त्या गोदीत राबले. त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. त्यांचे काम मात्र आजही पाण्यावर तरंगते आहे.

मुंबईहून निघालेले ट्रिंकोमाली १८१९ च्या जानेवारीत सेंट हेलिना बेटावर थांबले. नेपोलियन तेव्हा याच बेटावर कैदेत होता. एप्रिलच्या अखेरीस जहाज इंग्लंडला पोहोचले. तोवर युद्ध संपले होते. एवढे मोठे लढाऊ जहाज, पण त्याला काम नव्हते! कित्येक वर्षे ते नुसते उभे राहिले. १८४७ नंतर मात्र त्याने अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर काम केले. गुलामांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी घातलेल्या गस्तीतही ते होते. १८५७ साली त्याच्या मोठ्या सफरी संपल्या. त्यानंतर ते खलाशांच्या शिक्षणासाठी वापरले गेले. या कामासाठी काही वर्षे ते हार्टलपूल येथेही होते. १८७७ साली ते तेथून हलवले गेले.

१८९७ साली या जहाजाचे आयुष्य संपल्यातच जमा होते. नौदलाने ते भंगारात विकले. जहाज मोडायचे, लाकूड आणि तांबे विकायचे, असा बेत होता. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांचे ‘फूद्रोयां’ हे जुने जहाज वादळात सापडून फुटले. मुलांना समुद्राचे शिक्षण देण्यासाठी त्यांनी ते ठेवले होते. कॉब यांनी धीर सोडला नाही. त्यांनी भंगारातले ट्रिंकोमाली विकत घेतले, त्याला आपल्या बुडालेल्या जहाजाचे नाव दिले आणि त्यावर पुन्हा मुलांची शाळा सुरू केली. ही शाळा १९८६ सालापर्यंत चालली. हजारो मुलामुलींनी त्या जहाजावर झोळ्यांत झोपून, होड्या वल्हवून शिक्षण घेतले.

या जहाजाच्या शेजारी पोर्ट्समथ बंदरात आणखी एक जुने जहाज उभे असे. त्याचे नाव इम्प्लॅकेबल. ते फ्रान्समध्ये बांधलेले होते आणि १८०५ साली इंग्लंडने ते जिंकून घेतले होते. वयाने ते ट्रिंकोमालीपेक्षा मोठे होते. तेही कॉब यांनी वाचवले होते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा राहिला नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी ते ओढून खोल समुद्रात नेले. त्यावर इंग्लंडचा आणि फ्रान्सचा असे दोन्ही झेंडे लावले आणि सुरुंग लावून ते बुडवले. जवळजवळ दीडशे वर्षे टिकलेले जहाज एका दिवसात नाहीसे झाले. त्याचे काही कोरीव भाग तेवढे आज ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत.

दोन जहाजे एकाच बंदरात शेजारीशेजारी उभी होती. एक बुडाले आणि एक वाचले. असे का झाले? सागवान टिकाऊ होते, हे एक कारण. पण नुसत्या लाकडाने जहाज वाचत नाही. ते वाचवणारी माणसे वेळेवर मिळावी लागतात.

ट्रिंकोमालीला अशी माणसे हार्टलपूलमध्ये मिळाली. या गावात पूर्वी जहाजे बांधण्याचे मोठे कारखाने होते. १९६० नंतर थोड्याच वर्षांत ते बंद झाले. पुष्कळ लोकांचे काम गेले. १९७९ साली ‘वॉरियर’ हे लोखंडी जुने जहाज दुरुस्तीसाठी तेथे आणले गेले. त्याच्या निमित्ताने जुने कारागीर पुन्हा कामाला लागले आणि तरुणांनी त्यांच्याकडून काम शिकून घेतले. १९८७ साली वॉरियर दुरुस्त होऊन परत गेले. त्याच वर्षी ट्रिंकोमाली एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले गेले. एकशे दहा वर्षांनी ते त्या गावात परत आले होते! १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे दुरुस्ती चालली. तिला सुमारे एक कोटी पौंड खर्च आला. १९९२ साली जहाजाला त्याचे मूळ नाव परत मिळाले. कुजलेले लाकूड बदलले, पण चांगले लाकूड तसेच ठेवले. त्यामुळे आज त्यातील निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे, म्हणजे मुंबईत बसवलेलेच आहे. पाण्यावर तरंगणारे इंग्लंडचे हे सर्वांत जुने लढाऊ जहाज आहे.

या जहाजाच्या आत गेले, की डोके सांभाळावे लागते. मजल्यांची उंची फारच कमी आहे. अडीचशे-तीनशे माणसे येथे राहत. रात्री तुळयांना कापडी झोळ्या टांगून ती झोपत. एका झोळीला जागा किती? अवघी चौदा इंच! सकाळी झोळ्या गुंडाळून ठेवत, म्हणजे तीच जागा जेवायला आणि कामाला मोकळी होई. लाकडी जहाजाला आगीची मोठी भीती असते. म्हणून स्वयंपाकाची चूल एकाच ठिकाणी असे आणि वादळात तीही विझवत. दारूगोळ्याच्या कोठीत दिवा न्यायला मनाई होती. शेजारच्या खोलीत दिवा ठेवून काचेतून तेवढा उजेड आत घेत. कप्तानाची खोली मात्र मागच्या बाजूला, प्रशस्त आणि खिडक्यांची असे. एकाच जहाजावर माणसामाणसांत किती अंतर होते, ते या दोन जागा पाहिल्या की कळते.

जुने जहाज पाहायला जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पायांत सपाट तळाच्या चपला किंवा बूट असावेत. टाचांनी लाकूड खराब होते आणि पायही घसरतो. जिना सरळ उभा असेल, तर जिन्याकडे तोंड करून, कठडा धरून उतरावे. दोर, खुंट्या आणि यंत्रे यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लाकडावर नाव कोरू नये. जहाजावर कोणी शिकणारा तरुण दिसला, तर त्याला त्याचे काम विचारावे. नकाशात आणि पाटीवर नसलेल्या कितीतरी गोष्टी तो सांगतो. तिकीट असेल, तर ते आनंदाने काढावे; त्या पैशांतूनही जहाजाची देखभाल होते.

ही देखभाल कधीच संपत नाही. समुद्राचे खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही. कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. ते वरच्या फळ्यांच्या फटींतून झिरपते आणि आतून लाकूड पोकळ करते. म्हणून फटी पुन्हा पुन्हा भराव्या लागतात, रंग द्यावा लागतो, दोर बदलावे लागतात. हे काम पुस्तक वाचून येत नाही. एकाने करून दाखवावे आणि दुसऱ्याने ते हाताने करावे, असेच ते शिकता येते. शिकवणारा गेला आणि शिकणारा आलाच नाही, तर हुन्नर तेथेच संपतो. मग पैसा असूनही जहाज वाचत नाही.

म्हणूनच जहाजांच्या मेळ्यात शिकणाऱ्या मुलामुलींना एवढा मान आहे. चार दिवस संपले, की सर्व जहाजे एकामागून एक बंदराबाहेर पडतात. मुले दोरांच्या शिड्यांवरून वर चढतात आणि शिडे सोडतात. किनाऱ्यावरचे लोक हात हलवून त्यांना निरोप देतात. हार्टलपूलच्या गोदीत ट्रिंकोमाली मागे राहते. त्याच्या मुंबईच्या सागवानाला दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी रंगाचा हात देत असते.

स्वाध्याय

१. १९५६ साली शिडाच्या जहाजांची शर्यत का घेण्यात आली?
२. या शर्यतीत शिकणाऱ्या तरुणांसाठी कोणता नियम आहे?
३. इंग्लंडच्या नौदलाने मुंबईत जहाजे का बांधून घेतली?
४. इम्प्लॅकेबल बुडाले आणि ट्रिंकोमाली वाचले. याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले समुद्राविषयीचे शब्द या पाठातून शोधा. घरातील मोठ्या माणसांना विचारून त्यांत आणखी तीन शब्दांची भर घाला.
६. तुमच्या गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एखादा हुन्नर आहे का? तो करणाऱ्या कारागिराला भेटा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.